वाकड्या करंगळीचं दुकान

रंगवलेल्या दुकानांसमोर उभं राहून फोटो काढायचा मला नाद आहे. नादच म्हणायचा, कारण त्यातून आजवर मिळालेलं असं काही नाही. पुण्यात एका दुकानदाराने मला महापालिकेचं माणूस समजून चहा पाजला होता आणि दुसऱ्या एकाने त्याच समजुतीने हाकलून लावलं होतं, एवढीच काय ती कमाई. माझी रीत साधी आहे. हाताने रंगवलेली पाटी किंवा भिंत दिसली की रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहते आणि कोणीतरी येण्याची वाट पाहते. नुसत्या पाटीचा फोटो म्हणजे वऱ्हाडी न आलेलं लग्न. पाटीवरच्या सुटाबुटातल्या साहेबाखालून बनियनवरचा माणूस दुधाची पिशवी घेऊन गेला पाहिजे, दाताच्या दवाखान्यावरच्या त्या लांबलचक बत्तिशीसमोर एखादी बोळक्या तोंडाची म्हातारी क्षणभर थांबली पाहिजे. मग मी बटण दाबते. बहुतेक वेळा नेमकी तेव्हाच मध्ये रिक्षा येते.

परवा, दिवाळीच्या तोंडावर, अशाच एका फोटोसाठी दिग्रसला जाऊन आले. तिथे बाजारओळीत बांगड्यांच्या एका दुकानाच्या दाराशेजारी, टिनाच्या पत्र्यावर, एक हात रंगवलेला. तो माझ्या आईचा हात. आई गेल्या वर्षी गेली. तिच्या त्या हाताचं दुसरं चित्र नाही, फोटो नाही, काही नाही. म्हणून एवढा आटापिटा.

यवतमाळहून एसटीने निघाले. दारव्हा मागे पडल्यावर खिडकीतून तो वास आला. सोयाबीनच्या काडाचा, धुळीचा आणि नुकत्या फुटलेल्या कापसाचा. कापसाला वास नसतो असं पुण्यातले लोक मला सांगतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

बाबा दिग्रसच्या कोर्टात कारकून होते आणि आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. शाळेचा रस्ता बाजारओळीतून जायचा. ती ओळ म्हणजे माझं पहिलं पुस्तक. सायकलच्या दुकानावर पंख असलेलं चाक होतं. केस कापायच्या दुकानावर दोन मुंडकी होती, एक कटिंगच्या आधीचं आणि एक नंतरचं, आणि दोन्ही इतकी दुःखी होती की आत जायची हिंमत कशी होते लोकांची, असं मला वाटायचं. बियाण्याच्या दुकानावर कापसाचं बोंड होतं, ते आम्हाला कित्येक दिवस ढग वाटत होतं. टेलरच्या पाटीवरच्या माणसाला सहा बटणांचा कोट होता आणि मान नव्हती. हे सगळं काम एकाच माणसाचं, हमीदभाई पेंटरचं. खाली कोपऱ्यात ते आपलं नाव घालायचे, बारीक, फराटा ओढून.

दसरा झाला की हमीदभाईंचा हंगाम. दिवाळीच्या आधी सगळ्यांना आपापली पाटी नवी करून हवी असायची, आणि नेमक्या त्याच दिवसांत कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जायला लागायच्या. हवेत कापसाचे तंतू तरंगायचे. ओल्या रंगावर येऊन बसायचे. हमीदभाई एका हातात ब्रश आणि एका हातात सुई घेऊन काम करायचे. अक्षर काढायचं, की सुईने तंतू उचलायचे, की पुन्हा अक्षर. सगळे काही निघायचे नाहीत. आमच्या गावातल्या कुठल्याही पाटीला हात लावला तर रंगाखाली बारीक बारीक केस लागायचे.

आणि दोरी! ओळी सरळ याव्यात म्हणून ते निळीत बुडवलेली दोरी पाटीवर ताणून धरायचे आणि मधोमध चिमटीने ओढून सोडायचे. टण्‌. पाटीवर निळी रेघ उमटायची. पण दोरीला टोकं दोन आणि हमीदभाई एकटे. मग ते रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारायचे, "ओ भाऊ, जरासं धरता का इकून?" वकील असो, हमाल असो, कोणी नाही म्हणायचं नाही. दोरी धरून लोक मोठे गंभीर होऊन उभे राहायचे. मीसुद्धा धरली आहे, पंखवाल्या चाकाच्या पाटीची. पुढे कितीतरी दिवस ती पाटी मी अर्धी माझी समजत होते. दुकान आणि रस्त्याने जाणारा माणूस एका चौकटीत असावेत, हे माझ्या डोक्यात तेव्हाच बसलं असणार.

बांगड्यांचं दुकान कासारकाकूंचं. म्हणजे होतं काकांचं, पण काका गल्ल्यावर बसून डुलक्या घ्यायचे आणि दुकान काकू चालवायच्या. गोऱ्या, ठेंगण्या, तोंडाने फटकळ, पण बांगड्या भरताना हात असा की रडकी पोरगीही गप्प व्हायची. त्या दुकानाला स्वतःचा वास होता. लाखेचा, काथ्याच्या दोऱ्याचा, पेंढ्याचा. पेंढ्यात गुंडाळलेले बांगड्यांचे तोडे सोडले की काकू ते कानाशी नेऊन वाजवायच्या आणि आवाजावरून आत कुठली तडकलेली आहे ते सांगायच्या. तिथे बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. भरून झाल्या की बांगड्यांना हात जोडायचे. मी फ्रॉकवरच हात जोडायचे आणि काकू हसायच्या.

एका दिवाळीला काकूंच्या डोक्यात आलं की दुकानाबाहेर हात काढून घ्यावा. कोपरापासून बोटांपर्यंत, बोटं वर, मनगटभर हिरव्या बांगड्या, चांगला माणसाएवढा उंच. हमीदभाईंनी कुठल्यातरी कॅलेंडरवरून काढला. काकू बाहेर आल्या, पदराला हात पुसत पाहिलं, आणि म्हणाल्या, "हे काय वो भाऊ? हा हात होय का केळीचा घड?" हमीदभाई बिचारे घासलेटच्या फडक्याने सगळं पुसत बसले. त्याच वेळी आई आत काकूंसमोर बांगड्या भरायला बसली. मी तिच्याशेजारी. माझ्या जागेवरून मला हमीदभाई दिसत होते. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. ते आईच्या हाताकडे पाहत होते. मग त्यांनी खडू घेतला.

आईच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. मधल्या पेरापासून बाहेर वळलेली, जणू बाकीच्या चार बोटांशी तिचं पटत नव्हतं. कशाने वाकडी झाली हे आईने प्रत्येकाला वेगळं सांगितलं. मला सांगितलं गाईच्या दाव्याने, धाकट्या भावाला सांगितलं झोक्यावरून पडून, शेजारणीला सांगितलं दारात सापडली. खरं काय ते कुणालाच कळलं नाही. पण त्या करंगळीची तिला लाज होती, हे सगळ्यांना कळायचं. चारचौघांत ती उजवा हात पदराखाली ठेवायची. हळदीकुंकवाला बोटांची मूठ करून हात पुढे करायची. आणि बांगड्या भरताना तर तिचा जीव गोळा व्हायचा, कारण करंगळी अडायची. काकूंनी त्यावर तोड काढली होती. दुसऱ्या बायकांच्या हाताची चारी बोटं एकत्र दाबून त्या बांगडी चढवायच्या. आईची करंगळी आधी एकटी आत घ्यायच्या, अंगठ्याने दाबून धरायच्या, आणि मग बाकीचा हात. म्हणायच्या, "पयले धाकटीले घरात घ्या, मंग बाकीच्या आपोआप येतेत."

आम्ही बाहेर आलो तेव्हा पत्र्यावर तो हात होता. खडूचाच, पण होता. करंगळीसकट. आईने पाहिलं, आणि तिचा उजवा हात झटकन पदराखाली गेला. घरी येईपर्यंत तो बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी मला घेऊन पुन्हा दुकानात गेली. हाताला तोवर रंगही चढला होता.

"काकू, पुसायला लावा तो."

"अवो वहिनी! सौभाग्याचा हात, भरल्या बांगड्यांचा. दिवाळीच्या दिवसांत पुसत असतेत का?"

"मग करंगळी तरी सरळ करा. लोक ओळखतील."

"कोणी नाही ओळखत. लोक बांगड्या पाह्यतेत. अन्‌ मी कोणाले सांगन तं माह्या जिभेले काटे." मग माझ्याकडे वळून, "बेबी, तू बी नाही सांगाचं. घे, हा एक तोडा तुले."

लाच घेऊन मी गप्प बसले. पुढचे कित्येक महिने आई बाजारओळ टाळून मागच्या गल्लीने जायची. आणि मग एका रात्री जेवताना बाबा म्हणाले, "त्या कासाराच्या दुकानावरचा हात पाहिला का तुम्ही? करंगळी वाकडी काढून ठेवली आहे मूर्खाने. पैसे देऊन लोक असलं काम करून घेतात." आई त्यांना वरण वाढत होती. उजव्या हाताने. मला आधी ठसका लागला, मग हसू फुटलं, आणि मी हसते म्हणून भाऊ हसायला लागला. बाबा म्हणाले, "काय झालं?" आणि मग त्यांची नजर पळीवर गेली, पळीवरून बोटांवर. लग्नाला इतकी वर्षं झालेला तो माणूस आपल्या बायकोचा हात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा पाहत राहिला. "चांगला काढला आहे तसा," ते म्हणाले. आईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा बाजारओळीने जायला लागली.

आम्हा पोरांना त्या हाताचा फार उपयोग होता. आमची उंची त्यावर मोजली जायची. खालच्या बांगडीपासून मोजत, "तू कितव्या बांगडीपर्यंत आलीस?" मी हिरव्या बांगड्या ओलांडून मनगटाच्या वर गेले त्या वर्षी मला कोण गर्व झाला होता. मोठी माणसं जाता जाता त्याला टाळी द्यायची. शेळ्या पाठ घासायच्या. बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या बंजारा बायका यायच्या, आरशांच्या कपड्यांत, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या घातलेल्या. त्या हातासमोर उभ्या राहून आपला हात त्याच्याशेजारी धरायच्या आणि आपसात काहीतरी बोलून खिदळायच्या. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोर इतकं लख्ख आहे, की त्याचा फोटो आपल्याकडे नाही हे मला मधूनमधून आठवावं लागतं.

दर दिवाळीला हमीदभाई तो हात नवा करायचे. नवा म्हणजे पुसून नव्हे. "जुना रंग म्हणजे अस्तर, बाई. त्याले काढू नाही," असं म्हणत ते जुन्या रेघेवरूनच ब्रश फिरवायचे. बांगड्यांचा रंग कधी हिरवा, कधी लाल. नखं कधी रंगलेली, कधी साधी. पण रेघ तीच. त्या दिवशी आईला काहीतरी निमित्त निघायचंच. कधी सुई आणायची, कधी दोरा. मला सोबत न्यायची. दुकानात काकूंशी बोलत बसायची आणि बोलता बोलता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाहेर पाहायची, हमीदभाई करंगळीशी पोचले का ते.

गावात एक फोटो स्टुडिओ होता. तिथे काढलेला आमचा चौघांचा फोटो पुण्यात माझ्या कपाटात आहे. मागे पडद्यावर तळं आणि हंस. बाबा खुर्चीत, भाऊ मांडीवर, आई उभी आणि मी तिच्यासमोर. आईचा डावा हात खुर्चीच्या पाठीवर आहे. उजवा दिसत नाही. तो माझ्या पाठीशी लपलेला आहे. फोटोवाला "हला नका" म्हणाला तेव्हा त्या हाताची पाचही बोटं माझ्या फ्रॉकवर होती आणि करंगळी बाकीच्यांपासून जरा लांब, वेगळी टेकलेली. ती मला अजून जाणवते.

बाबांची बदली झाली, आम्ही दिग्रस सोडलं. पुढे मी पुण्याला, भाऊ नागपूरला. आई-बाबा यवतमाळला राहायचे. बाबा गेले त्या वर्षी दिग्रसला नात्यातलं एक लग्न होतं, आईला घेऊन मी गेले होते. तिचा मांडवात जायचा धीर होत नव्हता, म्हणून आम्ही दोघी उगाच बाजारातून फिरत राहिलो. दुकान बंद होतं, पण हात होता. हिरव्यागार बांगड्या. आई समोर उभी राहिली. तिचे दोन्ही हात मोकळे होते. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "बरं आहे तिचं."

माझ्या खांद्याला तेव्हा कॅमेरा होता. आयुष्यभर मी रंगवलेल्या दुकानांसमोर माणसं येण्याची वाट पाहत उभी राहिले आहे आणि त्या दिवशी माझ्यासमोर दुकान होतं, हात होता आणि ज्याचा हात ते माणूसही होतं. मला ते सुचलं नाही असं नाही. पण तिचा चेहरा असा होता की कॅमेरा वर उचलवला नाही. पुन्हा कधीतरी येऊ, म्हटलं. माणूस किती सहज म्हणतो हे.

आई गेली, आणि वर्षश्राद्धानंतर मी तिचे फोटो पाहायला बसले. मोबाइलमध्ये शेकडो होते. गणपतीतले, वाढदिवसाचे, आजारपणातले. उजवा हात एकातही नाही. शालीखाली, पदराखाली, नातवाच्या मागे, उशीखाली. "हात नको घेऊस त्यात," हे तिचं वाक्य, आम्ही तिची थट्टा करायचो. आता चेहरा पाहिजे तेवढा उरला होता आणि हात नव्हता. मला जेवू घालणारा, माझी वेणी घालणारा, आणि वेणी घालताना करंगळी मानेवर गुदगुल्या करणारा. मला तो हात पाहायचा होता. लहान पोरासारखी मी त्यासाठी रडले.

तेव्हा पत्र्याची आठवण आली. इकडून तिकडून काकूंच्या मुलाचा, मुकुंदाचा, नंबर मिळवला. तो माझ्याहून बराच लहान. मला तो नाक पुसत फिरणारा पोरगा म्हणूनच आठवत होता. आता दुकान तोच पाहतो. हमीदभाई गेले, काका गेले, काकू आहेत, असं त्याने सांगितलं.

"मुकुंदा, तो बाहेरचा हात आहे का रे अजून?"

"आहे ना ताई. काहून?"

"मला त्याचा फोटो काढायचाय. पुढच्या आठवड्यात येते."

"फोटो? त्याचा?" त्याला आनंद लपवता येईना. "पण ताई, लय खराब झाला तो. रंग उडाला, पोपडे निघून राह्यले."

"असू दे रे. जसा आहे तसाच हवा."

"या तुमी. बिनधास्त या."

मी फोन करायला नको होता. त्या एका फोनची हळहळ मला आता जन्मभर पुरेल. आपल्या माणसांना आपणच विसरतो. आमच्या गावात पाहुणा 'साखर नको' म्हणाला की चहात चमचाभर जास्त पडते, हे मला माहीत असायला हवं होतं.

बाजारओळ ओळखू येत नव्हती. सगळीकडे फ्लेक्स, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि हात जोडलेले चेहरे. पंखवाल्या चाकाच्या जागी मोबाइलचं दुकान, बिनमानेचा साहेब कधीच गेलेला. मी कॅमेरा बाहेर काढून चालत होते. लांबूनच हिरवा रंग दिसला. फारच हिरवा. जवळ गेले तर पत्रा चकाकत होता, वर झेंडूची माळ लावलेली, आणि शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले करून मुकुंदा उभा.

"पाहा ताई! आता कसं?"

पत्र्यावर हात होता. गुलाबी, निमुळता, लांब नखांचा, तळव्यावर मेंदी. पाचही बोटं सरळ.

"पुसदचा पेंटर आनला. मोबाइलवर पाहून हुबेहूब काढते तो. जुनं आधी पुरं घासून घेतलं, थरावर थर होते बापा, दोन दिवस लागले. अन्‌ त्या जुन्या पेंटरनं करंगळी वाकडी करून ठेवली होती ना! शाळेत पोरं मले चिडवत, तुमच्या हाताले लकवा मारला म्हनत. लय दिवसांपासून मनात होतं. म्हटलं, ताई पुण्याहून फोटो काढाले येऊन राह्यल्या, तं आता सरळच करून टाकू."

काकूंनी शब्द पाळला होता. स्वतःच्या मुलालाही सांगितलं नव्हतं.

माझे डोळे भरून आले. मुकुंदाला वाटलं ते कौतुकाने, आणि तो लाजला. मी पत्र्याच्या पायथ्याशी पाहिलं, एखादा पोपडा, एखादी हिरवी कपची. पण दिवाळीची झाडझूड झालेली होती, वर रांगोळी घातलेली होती. नव्या रंगावर बोट फिरवलं. गुळगुळीत. करंगळीच्या टोकाशी तेवढा कापसाचा एक तंतू चिकटलेला होता.

"मस्त झालाय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मग मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले, नेहमीसारखी. मुकुंदाने बायकोला बोलावलं, शेजारचा किराणावाला आला, मोबाइलवाला आला, सगळे ताठ उभे राहिले. मी त्यांचे फोटो काढले. तेवढ्यात बाजाराला आलेली एक म्हातारी बंजारा बाई वाटेत थांबली. डोक्यावर गाठोडं, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिने हाताकडे वर-खाली पाहिलं.

"पयले करंगळी वाकडी होती ना याची?"

"दुरुस्त केली, याडी!" मुकुंदाने तिला तिच्या बोलीत 'आई' म्हणत सांगितलं.

"कायले केली? चांगली होती. आमी तांड्यात पोरीइले तेच सांगत होतो, वाकड्या करंगळीच्या दुकानात जा." ती मान हलवत, गाठोडं सावरत निघून गेली. मला तिच्या मागे धावत जावंसं वाटलं. मी गेले नाही. तिची पाठ तेवढी एका फोटोत आली आहे.

काकू आत, तिथेच, पूर्वीच्या जागी बसल्या होत्या. आता आणखी ठेंगण्या झालेल्या. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं होऊनही दिसणं बेताचंच. रंगकाम चाललं तेव्हा त्या मुलीकडे आर्णीला होत्या, आदल्या दिवशीच परत आल्या होत्या. माझा आवाज ऐकून त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"बेबी? आली का माय! वहिनी गेल्याचं समजलं मले. लय वाईट झालं." माझा चेहरा त्यांनी चाचपला, मग मुकुंदा बाहेर आहे याचा अंदाज घेऊन आवाज खाली आणला. "मुक्या म्हने, हात नवा करून घेतला. मले तं काही दिसत नाही, नुसतं हिरवं हिरवं दिसते. जुन्यावरूनच गिरवला ना त्यानं?"

मी कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

"करंगळी आली का फोटोत?"

"आली, काकू."

"आली ना? बस मंग." त्यांचा जीव भांड्यात पडला. "त्या करंगळीसाठी वहिनी किती दिवस रुसल्या होत्या माह्यावर! अन्‌ मंग दर साली चोरून पाह्यले येत. मले काय समजत नव्हतं?" त्या हसल्या, आणि हसता हसता माझं मनगट त्यांच्या हाती लागलं. "हे काय! दिवाळीचे दिवस अन्‌ हात उघडे? दे इकडे."

मी घड्याळ काढून ठेवलं. काकूंनी न पाहता मागे हात घालून तोडा ओढला, पेंढा झटकला, कानाशी नेऊन वाजवला. लाखेचा तोच वास. माझा उजवा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. बाहेर मुकुंदा कोणाला तरी सांगत होता, पुण्याहून आल्या, खास फोटोसाठी. काकूंची बोटं माझ्या बोटांवरून फिरत खाली आली. बाकीच्या बोटांना त्यांनी हातही लावला नाही. करंगळी तेवढी उचलली, एकटी, आणि अंगठ्याने दाबून धरली.

"पयले धाकटीले घरात घेऊ," त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

माझी करंगळी सरळ आहे. मी ती वाकवली.